माझ्यावर कुणी टकटक करत नाही

मी दरवाजा बोलतोय. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन गावच्या एका अरुंद गल्लीतला, जवळजवळ काळा वाटावा इतक्या गडद हिरव्या रंगाचा, जरा कललेला दरवाजा. पत्ता सांगत नाही. गाव बघायला आलात तर मी सापडेनच, कारण रोज कुणी ना कुणी माझ्यापुढे उभं राहून मान वाकडी करून फोटो काढून घेतं. माझ्याकडे बघून मात्र कुणी हसत नाही. सगळे हसतात ते हातातल्या फोनकडे बघून.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. मी रस्त्यावर आहे, पण मला उघडलं की घर लागत नाही. आमच्याकडची जुनी घरं रस्त्याला खांदा लावून उभी असतात, एका खोलीच्या रुंदीची आणि आत लांबच लांब. पहिला मी, मग लांबलचक ओसरी, आणि ओसरीच्या मधोमध घराचं खरं दार. म्हणजे माझ्यातून आत आलेला माणूस पुन्हा उघड्या हवेतच येतो. बाहेरगावचे लोक म्हणतात, "हा कसला दरवाजा! असला काय, नसला काय!" म्हणोत बापडे.

माझं काम वेगळं आहे. मी उघडा असलो की घर भेटीला मोकळं आहे, सरळ आत यावं. मी बंद असलो की घरची माणसं उकाड्यानं हैराण होऊन ओसरीवर ढगळ कपड्यांत पडलीत, किंवा त्यांना आज कुणाचं तोंड बघायचं नाही. अशा वेळी आल्या पावली मागे फिरावं आणि मनात काही धरू नये. टकटक दोन्ही वेळा करायची नाही. उघड्या दारावर टकटक करणाऱ्याला आमची जुनी माणसं खुळा म्हणत आणि बंद दारावर करणाऱ्याला, याच्या आईनं याला काही शिकवलंच नाही असं म्हणत. म्हणून तर माझ्यावर ठोकायची कडी कधी कुणी बसवली नाही.

माझा जन्म दलदलीतला. पाण्यात पाय सोडून उभ्या असलेल्या सायप्रसच्या झाडाचा मी. मला घडवलं क्वॉश नावाच्या सुतारानं. क्वॉश हा विकत घेतलेला माणूस होता. या गावातली देखणी घरं कितीतरी तसल्याच हातांनी उभी राहिली आहेत. मला चौकटीत बसवून झाल्यावर त्यानं बोटांच्या पेरांनी माझ्यावर दोनदा ठोकलं, कान लावून ऐकलं आणि स्वतःशीच मान डोलावली. माझ्या अंगावरची ती पहिली टकटक. मग हत्यारं उचलून तो बाजूच्या फाटकातून निघून गेला. माझ्यातून ये-जा करायची त्याला मुभा नव्हती. आपणच केलेल्या दारातून तो माणूस एकदाही गेला नाही, ही गोष्ट मला अजून खाते.

तांदळाचे व्यापारी आले आणि बुडाले. गुलामी संपवणारी लढाई झाली. पुढे मोठा भूकंप झाला आणि माझी चौकट एका अंगाला कलली. तेव्हापासून मला उघडून सोडलं तर मी आपसूक मिटायला बघतो. म्हणून मला अडकण लावतात, एक गोल, गुळगुळीत, चांगला जड दगड. कुठल्याशा जहाजाच्या पोटात वजनासाठी भरून तो इथवर आला. त्याला ध्यानात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

मग आमच्या गल्लीला अवकळा आली. श्रीमंतांनी नाकं मुरडली आणि घरं मिळेल त्या किमतीला काढली. तेव्हा गिलावा करणाऱ्या एका गवंड्यानं हे घर घेतलं. त्याची आजी कधीकाळी क्वॉशसारखीच विकली गेलेली. ताबा मिळाला त्या दिवशी तो उगाचच माझ्यातून आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. बायको ओरडली, "अहो, चक्कर येईल तुम्हाला!" तो काही थांबेना. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

एलोइज ही त्याची नात. तिला मी रांगताना पाहिलंय, त्यामुळे ती पुढे शाळेत बाई झाली, सगळी गल्ली तिला एलोइजबाई म्हणायला लागली, तरी मला काही ते अहोजाहो जमलं नाही. दोन घरं सोडून क्लेमंट राहायचा, तिच्याच वयाचा. लहानपणी दोघं माझ्या उंबऱ्यावर बसून शेंगदाणे फोडायची आणि टरफलं माझ्या बिजागऱ्यांत कोंबायची. पुढे तिचं लग्न एकाशी झालं, त्याचं दुसरीशी. संसार झाले, त्याला मुलगा झाला, तिला मूल झालं नाही, आणि काळानं दोघांनाही पुन्हा एकटं केलं.

बंदरातल्या किल्ल्याकडे पाहुण्यांना नेणाऱ्या बोटीच्या इंजिनखोलीत क्लेमंटनं जन्म काढला. त्यात त्याचे कान गेले. फोनवर त्याला ढिम्म काही ऐकू यायचं नाही. त्याच्याशी बोलायचं तर समोर बसून, घसा ताणून. रोज दुपार कलली की तो यायचा, टोपी काढायचा आणि माझ्यातून आत शिरायचा. ओसरीवर एक लांब, लवलवती फळी आहे, दोन्हीकडे पाय असलेला बाकच म्हणा. दोन टोकांना दोघं बसली तरी फळी लवून माणसं हळूहळू मध्याकडे सरकतात. ही दोघं रोज टोकांना बसायची आणि उठायची वेळ झाली की खांद्याला खांदा लागलेला असायचा. त्यावर दोघांपैकी कुणी कधी काही बोललं नाही.

एवढ्यात गल्ली पुन्हा महाग झाली. शेजाऱ्यांनी एकेक करून घरं विकली. घेणारे लांबच्या शहरांतले. वसंतात येतात, दोन आठवडे राहतात, जातात. संध्याकाळी खिडक्यांत दिवे लागतात तेही यंत्रानं, घरात माणूस नसतं. माझ्या रांगेतले सगळे दरवाजे बंद झाले. उघडा असा मी एकटा उरलो.

गल्लीत आवाज असायचा तो डेक्स्टरचा. डेक्स्टर खेचराची गाडी हाकतो आणि पाहुण्यांना गाव दाखवतो. माझ्यापाशी आला की खेचर थांबवून म्हणायचा, "मंडळी, हा दरवाजा उघडा दिसतोय? म्हणजे बाई घरात आहेत आणि पाहुण्यांना मज्जाव नाही!"

आतून एलोइजचा आवाज यायचा, "पाहुण्यांना नाही रे डेक्स्टर, पण तुझ्या त्या खेचराला आहे! परवा माझी अख्खी जास्वंद खाल्लीन् त्यानं."

"बाई, त्याला तुमची बाग आवडते."

"मग त्याला सांग, पाणी घालायलाही येत जा."

गाडीतले लोक खो खो हसायचे. पण उतरून आत कुणी यायचं नाही. त्यांना वाटायचं, हा सगळा खेळाचाच भाग आहे.

आणि मग एक दिवस क्लेमंट टोपी न काढताच फळीवर बसला.

"रोलंड आलाय," तो म्हणाला. रोलंड म्हणजे त्याचा मुलगा, तिकडे उत्तरेत डेट्रॉइटला असतो. "म्हणतोय, घर विकून टाक आणि चल माझ्याकडे. खोली तयार ठेवलीय म्हणे."

"तिकडच्या थंडीत तुझी हाडं वाजतील," एलोइज ओरडून म्हणाली.

"इथं तरी काय? परवा न्हाणीघरात घसरलो. सकाळी पोस्टमन आला तोवर तसाच पडून होतो. इथं आहे कोण माझं?"

मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल. तिच्या तोंडाशी काय होतं ते मला माहीत होतं. पण एवढी वर्षं वर्गभर पोरांना गप्प बसवणारी बाई ऐन वेळी भलतंच बोलून बसली.

"जायचंय ना? मग जा की खुशाल. निरोप घ्यायला येण्याची नाटकं मात्र नकोत मला."

"काय म्हणालीस?"

"काही नाही म्हणाले!"

पण तेवढं नेमकं त्यानं ऐकलं होतं. तो उठला आणि माझ्यातून जाताना त्याचा खांदा मला घासला.

तो सगळा आठवडा एलोइजला चैन पडलं नाही. रोज सकाळी माझ्यापुढची पायरी झाडताना ती माझ्याकडे बघून बोलायची. "क्लेमंट, खालची खोली रिकामीच आहे." मग मान हलवायची. "नको, हे भाडेकरूशी बोलल्यासारखं वाटतं. क्लेमंट, तू इथंच राहा. छे, छे! लोक काय म्हणतील?" मग गल्लीभर नजर टाकायची आणि स्वतःशीच हसायची. कारण काही म्हणायला गल्लीत लोक होते कुठे! तिनं खालची खोली धुऊन काढली, नवी चादर घातली, दोन उशा ठेवल्या, मग एक उचलून परत नेली.

क्लेमंट सोमवारी सकाळी निघणार होता. रविवारी चर्चहून आल्यावर तिनं निळा झगा घातला, तिळाची बिस्किटं करायला घेतली आणि मला सताड उघडून दगड लावला. माझ्यावर तळवा ठेवून म्हणाली, "आज ये रे बाबा. मी म्हटलं नको, तरी ये." आणि मागं स्वयंपाकघरात गेली. तिथं रेडिओवर भजनं लागली होती.

माझा जीव टांगणीला लागला. त्या दिवसाइतका नीट उघडा मी कधीच राहिलो नव्हतो.

तेवढ्यात एक जोडपं आलं. बाहेरगावचं, हातात आइस्क्रीम. बाईंचा चेहरा फार प्रेमळ होता, हे मी मुद्दाम सांगतो.

"अहो, बघा ना, दार सताड उघडं! आत चिटपाखरू नाही."

"असेल. आपल्याला काय करायचंय?" नवरा म्हणाला.

"म्हातारं माणूस असणार हो घरात. विसरलं असेल बिचारं. ती बघा ओसरीवर टेकवलेली काठी. कुणी आत घुसलं म्हणजे?"

"अगं, लोकांच्या घराला हात कशाला लावतेस?"

"सगळे असंच म्हणतात, म्हणून तर जगाचं असं झालंय." बाईंनी आइस्क्रीम नवऱ्याच्या हातात दिलं, वाकून दगड उचलला आणि ओसरीच्या कोपऱ्यात, कुणाच्या पायात येऊ नये असा नीट ठेवला. मग आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून मला अलगद ओढून घेतलं. कुणाच्या झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं इतक्या मायेनं. "झालं," त्या म्हणाल्या आणि दोघं समुद्राकडे निघून गेली. त्यांच्या गावी असंच करत असतील. त्यांचा काय दोष?

मी बंद झालो. मला ओरडता येत नाही. उन्हानं तापलो की करकरतो तेवढाच माझा आवाज, आणि त्या दिवशी ऊनही नव्हतं.

थोड्या वेळानं क्लेमंट आला. टाय बांधलेला, बूट चकचकीत. गल्लीच्या तोंडाशीच त्याला मी दिसलो असणार, कारण त्याची चाल मंदावली. तरी तो पायरीपर्यंत आला. टोपी काढली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात वर आला, बोटं मिटलेली, माझ्यापासून कणभर अंतरावर. एवढ्या वर्षांत माझ्यावर ठोकायला उगारलेला तो त्याचा पहिला हात. मी मनात म्हणत होतो, ठोक, अरे ठोक! ती आत आहे, भट्टीतून बिस्किटं काढतेय, तुझ्यासाठी चादर बदललीय तिनं.

पण तो त्याच्या आईचा मुलगा होता. बंद दार म्हणजे बंद दार. तिनं सांगितलंच होतं, निरोपाला येऊ नकोस म्हणून. हात खाली आला.

"बरं," तो म्हणाला. ऐकू येत नसल्यानं त्याचं पुटपुटणंही मोठ्यानं असायचं. पण आत भजनं चालू होती. "समजलं, एलोइज." आणि टोपी हातातच धरून तो गेला.

एलोइज बशी घेऊन बाहेर आली तेव्हा बिस्किटं अजून गरम होती. मी बंद बघून ती जागीच थांबली. वाऱ्यानं झालं असेल म्हणून दगड शोधू लागली, तर दगड कोपऱ्यात नीट मांडून ठेवलेला. वारा काही दगड नीट मांडत नाही. तिनं मला उघडून गल्लीत पाहिलं, गल्ली रिकामी. मग ती फळीच्या एका टोकाला बसली आणि बशी मांडीवर घेऊन म्हणाली, "आला आणि स्वतःच्या हातानं दार लावून गेला. आणखी काय सांगायचं असतं माणसानं?"

असं झालं. त्याला वाटलं तिनं लावलं, तिला वाटलं त्यानं लावलं. खरं काय ते फक्त मला ठाऊक, आणि मी लाकूड.

त्यानंतर दरवर्षी नाताळात रोलंडचा फोन यायचा. "बाबा मजेत आहेत, बाई." एलोइज म्हणायची, "मीही मजेत आहे म्हणून सांग." दोन्हीकडून ही एवढीच थाप. अभिमान दोघांकडेही ढीगभर होता आणि खाली वाकायला कंबर दोघांचीही राहिली नव्हती.

पण तिनं मला उघडायचं सोडलं नाही. रोज दुपार कलली की मी उघडा, दगड लावलेला. कधीमधी वाट चुकलेली परकी माणसं आत यायची, म्हणायची, "हे वस्तुसंग्रहालय आहे का? तिकीट कुठे काढायचं?" ती म्हणायची, "वस्तू मी एकटीच आहे, फुकट बघा," आणि त्यांना तिळाची बिस्किटं द्यायची. ती माणसं बिस्किटं खायची, ओसरीच्या फिक्या निळ्या छताचे फोटो काढायची आणि जायची. तिच्या शेजारी फळीवर बसलं मात्र कुणीच नाही. फळी एका टोकाला तेवढी लवायची.

मागल्या हिवाळ्यात एलोइज झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी दगड काढून मला मिटायचं राहून गेलं होतं, म्हणून मला डेक्स्टरनंच नंतर ओढून घेतलं. लांबच्या भाचरांनी घर विकलं. नवे मालक अजून दोनदाच आलेत. त्यांनी मला रंग दिला, आकड्यांचं कुलूप बसवलं, आणि चौकटीवर कॅमेऱ्याचा डोळा असलेली घंटी लावली. कुणी समोर आलं की ती आपणहून बोलते. तो गोल दगड आता आत शोभेला ठेवलाय, दिव्याखाली. मी बंद असतो. डेक्स्टर अजून थांबतो आणि म्हणतो, "मंडळी, हा दरवाजा उघडा असला ना..." पण हल्ली तो वाक्य भरभर संपवतो.

गाडी कुठल्या भागात न्यायची हे या गाडीवाल्यांकडे सोडतीचा चेंडू काढून ठरतं. चेंडू जिकडचा निघेल तिकडे जायचं, पाहुण्यांची पसंती चालत नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी तो चेंडू आमच्या भागाचा निघाला, आणि डेक्स्टरच्या गाडीत मागच्या बाकावर, पायांवर शाल घेतलेला क्लेमंट बसलेला होता. शेजारी रोलंड. मुलानं बापाला त्याचंच गाव दाखवायला आणलं होतं, तिकीट काढून.

डेक्स्टरनं नेहमीचं सुरू केलं, मागं वळून पाहिलं आणि अडखळला. "क्लेमंटकाका? तुम्ही?"

क्लेमंटनं ते ऐकलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मग काठी टेकवून उठायला लागला.

"बाबा, कुठं निघालात?" रोलंड त्याच्या कानाशी ओरडला. "आत कुणी नाही. त्या गेल्या. सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

"कान गेलेत माझे, डोकं नाही," क्लेमंट म्हणाला. "धर मला."

डेक्स्टरनं त्याला उतरवलं. गाडीतल्या माणसांनी फोन खाली केले, खेचरसुद्धा हललं नाही. क्लेमंट पायरी चढला. टोपी काढली. हात वर केला आणि या वेळी तो खाली आणला नाही. बोटांच्या पेरांनी माझ्यावर दोनदा ठोकलं.

क्वॉशनंतर मला तसं कुणी ठोकलं नव्हतं. आतली रिकामी ओसरी त्या आवाजानं दणाणली.

घंटी गोड आवाजात बोलली, "नमस्कार! सध्या आम्ही दाराशी येऊ शकत नाही. कृपया आपला निरोप ठेवा." रोलंडनं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. क्लेमंटनं ऐकलं नाही. तरी तो बोलला, त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, माझ्या लाकडाला तोंड लावून.

"एलोइज, मी आलो होतो त्या दिवशी. दार बंद होतं, म्हणून परत गेलो. निरोप घ्यायला नव्हतो आलो गं. तुझ्या खालच्या खोलीत राहू का, एवढंच विचारायचं होतं." त्यानं काठी सावरली. "ठोकायला हवं होतं मी. आई काय म्हणायची ते म्हणाली असती."

मग रोलंडनं त्याला धरून गाडीत बसवलं. डेक्स्टरनं लगाम हलवला.

तो निरोप तारेवरून कुठल्याशा लांबच्या शहरात गेला असेल. नव्या मालकांनी जेवता जेवता ऐकला असेल, आणि कुणीतरी चुकीच्या दारावर आलंय असं म्हणून पुसूनही टाकला असेल. माझ्याकडून मात्र तो पुसला जात नाही. खोली तयार होती, क्लेमंट. चादर नवी होती. मला एवढंच सांगायचं होतं, आणि मला फक्त उघडता आणि मिटता येतं, तेही दुसऱ्याच्या हातानं.

तेव्हा तुम्ही, जे कुणी हे ऐकताय, कधी आमच्या गावात आलात तर कुणाचं उघडं दार दयेपोटी लावू नका. आणि तुमच्या स्वतःच्या गावात, तुमच्या माणसाचं दार बंद दिसलं, तर रीत गेली खड्ड्यात. ठोका. एकदा नाही ऐकलं तर पुन्हा ठोका. लाकडाला लागत नाही.